गेमकट्टा: उभ्या जागेवरून झाडानं अख्खी पार्टी कशी काय मारली?

मागच्या अंकात विचारलं होतं की आरपीजीमधला, म्हणजे पात्र घडवत खेळायच्या गेम्समधला, सगळ्यात डोक्यात जाणारा शत्रू कोणता. मला वाटलेलं ड्रॅगन येतील, सांगाडे येतील, एखादा दहा फॉर्मवाला फायनल बॉस येईल, आणि आली काय तर झाडं. वेली, फुलं, मश्रूम, दातवाली कोबीसारखी काहीतरी. म्हणून हा महिना सगळा झाडांना दिला, खाली तुमचे प्रश्न आणि माझी उत्तरं.

दादा, फायनल फँटसी टेन खेळतोय, शेवटाकडे आलोय, टीम तगडी आहे. ओमेगा रुइन्समध्ये शिरलो, लढाई सुरू झाली आणि त्या दातवाल्या झाडानं तोंड उघडून काहीतरी हिरवं सोडलं, मग माझीच माणसं एकमेकांना बडवत बसली आणि गेम ओव्हर. मी एकही बटण दाबलं नव्हतं हो. हा बग आहे का?

बग नाही, त्याचा स्वभावच तसा आहे. तुला भेटला तो ग्रेट मालबोरो. मालबोरो हे या सिरीजमधलं जुनं झाड, १९८८ च्या फायनल फँटसी टू पासून आहे, आणि बहुतेक गेम्समध्ये थोडंफार रूप बदलून येतं पण ओळखू येतंच, लोंबणारे टेंटॅकल्स, आणि बाकी शरीर म्हणजे जवळजवळ नुसतं तोंड. त्या तोंडातून निघतो तो बॅड ब्रेथ. अंगावर कोसळणारा डॅमेज हा त्याचा मुद्दाच नाहीये, एका फुंकरीत पॉयझन, डार्कनेस, सायलेन्स, कन्फ्यूजन, बर्सर्क (बेभान होऊन आपोआप वार करत सुटणं) अशी सगळी स्टेटस, म्हणजे अंगाला लागणाऱ्या अवस्था, एकदम अख्ख्या पार्टीवर, म्हणजे लढणाऱ्या टीमवर.

आता तुझ्या बाबतीत काय झालं बघ. ओमेगा रुइन्समधला ग्रेट मालबोरो कायम ॲम्बुश करून येतो, म्हणजे पहिली चाल त्याची, आणि तो ती बॅड ब्रेथवरच खर्च करतो. टेनमध्ये लढाई टर्नवर चालते, आणि मधेच माणूस बदलायची जी भारी सोय आहे ना, ती तुझ्या हातात असलेल्या माणसाची टर्न आली तरच चालते. तिघांपैकी दोघं कन्फ्यूज आणि एक बर्सर्क झाला की टर्न येतात, पण तुझ्या हातात एकही नाही. बाहेर बसलेले चार जण ठणठणीत आहेत आणि तू त्यांना आत घेऊ शकत नाहीस. म्हणून तुला वाटलं कंट्रोलर बंद पडला.

उपाय आहेत, आणि लेव्हल वाढवत बसणं हा त्यातला नाही, हे आधीच सांगतो कारण बरेच जण तेच करतात. एक म्हणजे फर्स्ट स्ट्राइक असलेलं शस्त्र कोणाच्या तरी हातात दे, तो माणूस ॲम्बुशमध्येसुद्धा पहिला हलतो. ते शस्त्र टीममधल्या युनाकडे असेल तर सरळ इऑन, म्हणजे तिचा मदतीला येणारा मोठा प्राणी, बोलाव, समोर इऑन उभा म्हणजे फुंकर त्याच्यावर, पार्टी मागे सुखरूप. इनिशिएटिव्ह हा गुण असलेलं शस्त्र असेल तर ॲम्बुशच टळतो. हे दोन्ही नसेल तर निदान एका माणसाच्या चिलखतावर कन्फ्यूजप्रूफ आणि बर्सर्कप्रूफ दोन्ही बसव. तिघांच्या अंगावर बसवायला हवं असं नाही, एक शुद्धीत राहिला की पुरे, तो एसुना, म्हणजे स्टेटस उतरवणारी मॅजिक, मारेल, माणूस बदलेल, नाहीतर सरळ पळेल. रिबन, म्हणजे बहुतेक स्टेटस अडवणारी सोय, तर आहेच पण टेनमध्ये ती स्वतः बनवायची तर डार्क मॅटर नावाचे आयटम लागतात ९९, आणि ते जमेपर्यंत तुला मालबोरोची भीती उरलेली नसेल.

मग हे अनफेअर नाही का? शंभर तास खेळलेला माणूस एका फुंकरीत मरतो.

अर्धं अनफेअर आहे, हो. माझं मत सांगतो. तलवार घेऊन येणारा शत्रू तुमची ताकद तपासतो, झाड तुमची तयारी तपासतं. आरपीजीमध्ये आपल्याला सवय लागते की आकडे वाढले की सगळं सुटतं, अटॅक वाढवा, एचपी म्हणजे जीव वाढवा, आणि मेनूमध्ये त्या दहा-बारा स्टेटसवाल्या वस्तू पडून असतात त्यांच्याकडे कोणी बघतसुद्धा नाही. मालबोरो आला की पहिल्यांदा कळतं की त्या कशासाठी होत्या. इथपर्यंत मला ते आवडतं. पण टेनमध्ये शंभर टक्के ॲम्बुश प्लस पहिल्या चालीला बॅड ब्रेथ हे जे केलंय त्यात पहिल्यांदा येणाऱ्याला शिकायला जागाच नाही, मरूनच शिकायचं. त्याच गेममध्ये काम लँड्स नावाच्या मैदानावर साधा मालबोरो भेटतो, तिथे खेळाडूला नीट धडा मिळाला असता तर पुढचा ग्रेट मालबोरो मी शंभर टक्के फेअर म्हटला असता. पण काम लँड्सवर आपण पुढे जायच्या घाईत असतो आणि त्याला मारून विसरून जातो.

मालबोरोला मारून काही मिळतं का, की नुसताच त्रास? मी फायनल फँटसी सेव्हन (जुनं, १९९७ चं) आणि एट दोन्ही पुन्हा खेळायला घेतलेत.

मिळतं की! आणि याच कारणासाठी मी त्याला बाकी त्रासदायक झाडांच्या वर ठेवतो. सेव्हनमध्ये एनिमी स्किल मटेरिया (मटेरिया म्हणजे शस्त्रात-चिलखतात बसवायचा जादूचा गोळा) असतो, शत्रूची काही ठराविक स्किल्स तुमच्या अंगावर पडली की ती तुम्हाला शिकता येतात, आणि बॅड ब्रेथ त्यातलंच एक. म्हणजे गंमत बघा, इतर वेळी ज्याच्यापासून लपायचं तीच फुंकर इथे मुद्दाम अंगावर घ्यायची. सेव्हनमधल्या फुंकरीत कन्फ्यूज, बेडूक, छोटं होणं, पॉयझन, सायलेन्स आणि झोप असं पॅकेज आहे. त्यामुळे टेंपल ऑफ द एन्शंट्समधली रिबन घेतली असेल तर मटेरिया ज्याच्याकडे आहे त्याच्या अंगावर ती चढवा आणि आरामात उभे राहा. वाट बघायचा कंटाळा असेल तर मॅनिप्युलेट मटेरियानं मालबोरोला ताब्यात घ्या आणि त्याच्याच तोंडून स्वतःवर मारून घ्या. मग पुढे साध्या शत्रूंच्या टोळक्यावर तीच फुंकर सोडताना जो आनंद होतो तो वेगळाच.

एटमध्ये (१९९९) मालबोरो टेंटॅकल नावाची वस्तू मिळते, ती टीममधल्या क्विस्टिसला दिली की तिला ब्लू मॅजिकमध्ये, म्हणजे शत्रूंकडून उचललेल्या स्किल्समध्ये, बॅड ब्रेथ येतो. पण घाई करून सगळी उडवू नका, कारण डूमट्रेन हा गार्डियन फोर्स, म्हणजे लढाईत बोलावता येणारा मदतनीस, मिळवायला सॉलोमन रिंगसोबत ६ मालबोरो टेंटॅकल, ६ रेमेडी प्लस आणि ६ स्टील पाइप लागतात. आधी सहा बाजूला काढा, मग क्विस्टिसचं बघा.

ऑनलाइनवाला फायनल फँटसी फोर्टीन खेळणाऱ्यांसाठी जाता जाता, तिथे यांना मॉर्बोल म्हणतात, आणि ऑरम व्हेल डंजनमध्ये अंगावर चढलेला डिबफ, म्हणजे त्रासदायक स्टेटस, उतरवायला मॉर्बोलचं फळ खावं लागतं. नवीन लोक फळ खातच नाहीत आणि मग हीलरच्या, म्हणजे टीमला बरं करणाऱ्याच्या, नावानं शंख करतात. फळ खा रे बाबांनो.

झाड दिसलं की आग, हा नियम सगळीकडे चालतो ना? माझा विझार्ड फक्त फायरबॉलवर जगतो.

मग तुझा विझार्ड फार जगणार नाही. बहुतेक ठिकाणी चालतो हे खरं. स्कायरिममधल्या स्प्रिगन आगीला कच्च्या, एल्डन रिंगमधली मिरांडा फुलं जळतात, डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर खेळायच्या आरपीजीमधल्या ट्रिएंटला (चालत्या झाडाला) आग जास्त लागते. त्यामुळे आपल्या डोक्यात ते पक्कं बसलंय.

पण डंजन्स अँड ड्रॅगन्समध्येच शँबलिंग माउंड म्हणून एक प्रकार आहे, कुजलेल्या वेली-पाल्याचा चालता ढीग, १९७७ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये पण आहे तो. पाचव्या आवृत्तीत (२०१४) त्याला आगीचा रेझिस्टन्स आहे, म्हणजे डॅमेज अर्धा. थंडीचाही अर्धा. विचार केला तर पटतं, तो सदा दलदलीत असतो, ओला चिंब पाला पेटेल कसा. आणि मग पार्टीतला हुशार माणूस म्हणतो आग नाही ना, मग वीज मारू, आणि तिथे खरा घोळ होतो, कारण विजेनं त्याला काही होत नाही, वर तेवढेच एचपी त्याला परत मिळतात. मारणाऱ्यानंच त्याला बरं केलं! मला हा शत्रू त्यासाठी प्रचंड आवडतो, पाठ केलेलं उत्तर फेकणाऱ्याला तो बरोबर पकडतो. त्याच्यावर तलवार-कुऱ्हाड चालवा, आणि त्याच्या मिठीत सापडू नका, तो माणसाला आत ओढून गुदमरवतो.

दुसरी गोष्ट, बाल्डर्स गेट थ्रीमध्ये अंडरडार्कच्या स्फोटक मश्रूमजवळ उभं राहून फायरबॉल टाकू नकोस. ते दुरून फोडायचे, आणि जमलं तर शत्रू त्यांच्या शेजारी उभे असताना.

गेनशिन इम्पॅक्टमध्ये पुदिना तोडायला गेलो आणि पुदिन्यानंच मारलं. ओळखायचं कसं?

व्हॉपरफ्लॉवर! हा लबाड आहे, जमिनीत गाडून घेतो आणि वर फक्त तोडण्यासारखं रोप दिसतं, तुम्ही जवळ गेलात की उसळी मारून बाहेर. खरं सांगू का, लांबून ओळखत बसण्यापेक्षा तो निघणारच असं धरून जाणं सोपं. बर्फवाला म्हणजे क्रायो असेल तर पायरोवाला, म्हणजे आग वापरणारा, माणूस आधीच पुढे काढून ठेवा, आगवाल्या फुलाला हायड्रो, म्हणजे पाणी. मोठा वार करायच्या आधी तो स्वतःभोवती शील्ड घेऊन ऊर्जा साठवतो, ती शील्ड योग्य एलिमेंटनं लवकर फोडली की तो भोवंडून पडतो आणि तेवढ्यात काम उरकून घ्या. शील्ड असताना नुसती तलवार हाणत बसलात तर तो वार येणारच.

एवढं मान्य करा की आयडिया जबरदस्त आहे. ओपन वर्ल्ड गेममध्ये आपण फुलं-पानं तोडताना बघतसुद्धा नाही, अंगठा आपोआप बटण दाबत असतो. बरोबर त्या बेसावध जागी शत्रू लावलाय. स्कायरिममध्ये पण स्प्रिगन झाडाच्या खोडातूनच बाहेर पडते, आणि एकटी लढत नाही, आजूबाजूचे लांडगे-अस्वलं बोलावते, शिवाय जीव कमी झाला की स्वतःला बरं करून घेते. अर्धी मेली म्हणून तिला सोडून अस्वलाकडे वळलात की गेलं सगळं पाण्यात. तिला आधी संपवा.

एल्डन रिंगमधली ती मोठी फुलं. विष. काय करू?

लांब राहा. नाही, खरंच, तेवढंच आहे बरंचसं. मिरांडाचं मोठं फूल जागचं हलत नाही, जवळ गेलं की विषारी पराग सोडतं, लांब राहिलं की वरून प्रकाशाचे झोत पाडतं, पण पळत राहिलात तर ते चुकवता येतात. घोड्यावर असाल तर सरळ बाजूनं निघून जा, प्रत्येक गोष्ट मारायलाच हवी असं कुठं लिहिलंय. मारायचंच असेल तर आग. विषाचा बार भरला तर न्यूट्रलायझिंग बोलसेस (विषावरच्या गोळ्या) खा, किंवा फ्लेम क्लेन्स मी हे इन्कँटेशन (मंत्र) शिकून घ्या, ते विष आणि स्कार्लेट रॉट दोन्ही काढतं. वीपिंग पेनिन्सुलामधल्या टूम्ब्सवर्ड केव्हमध्ये तीच मिरांडा बॉस म्हणून आहे, तिथे आधी आजूबाजूची पिल्लं साफ करा, मग आईकडे जा.

पोकेमॉनमध्ये माझा स्लीप पावडर (झोपवणारा मूव्ह) समोरच्या ग्रास टाइपवर (झाडापाल्याच्या जातीच्या पोकेमॉनवर) चालतच नाही. आधी चालायचा ना?

आधी चालायचा, बरोबर. २०१३ मध्ये एक्स आणि वाय आले तेव्हापासून ग्रास टाइपवर पावडर आणि स्पोअरवाले मूव्ह्ज लागू पडत नाहीत. लीच सीड तर पहिल्यापासूनच ग्रासवर रुजत नाही. पुढचा प्रश्न.

खऱ्या जगात असं काही आहे का, की हे सगळं डिझायनर लोकांच्या डोक्यातून आलंय?

चालणारं झाड नाही, पण बाकीचे तुकडे जवळजवळ सगळे खरे आहेत. घाण वास घ्या. रॅफ्लेसिया अर्नोल्डी नावाचं फूल आहे, सुमारे एक मीटर रुंद, आणि त्याला सडक्या मांसासारखा वास येतो. त्याला स्वतःची पानं नाहीत, खोड नाही, ते दुसऱ्या वेलीच्या आत परजीवी म्हणून वाढतं आणि फक्त फूल बाहेर येतं, म्हणजे गेमवाल्यांनी काढलं असतं तर आपण म्हटलं असतं अतिच झालं. फक्त त्याचा हेतू उलटा आहे, मालबोरोला तुम्ही आडवे पडलेले हवे असता, रॅफ्लेसियाला माशी यायला हवी आणि पराग घेऊन जिवंत निघून जायला हवी.

कन्फ्यूजनसुद्धा खरं आहे. मँड्रेक, म्हणजे मँड्रागोरा, जो कितीतरी आरपीजीमध्ये किंचाळणारं कंद म्हणून येतो, त्याच्या मुळात स्कोपोलामीन आणि हायोसायमीन असतात, ती पोटात गेली तर माणूस बरळतो, भास होतात, जास्त झाली तर जीवही जातो. मूळ माणसाच्या आकृतीसारखं फुटलेलं असतं, त्यावरून युरोपात समजूत पडली की उपटताना ते किंचाळतं आणि ऐकणारा मरतो, म्हणून दोरीनं कुत्रा बांधून त्याच्याकडून उपटवायचं. बिचारा कुत्रा. म्हणजे टँकला, म्हणजे टीमसाठी मार खाणाऱ्याला, पुढे पाठवायची आयडिया किती जुनी आहे बघा.

आणि सगळ्यात हुशार व्हीनस फ्लायट्रॅप. अमेरिकेत नॉर्थ आणि साउथ कॅरोलायनाच्या ओलसर, निकस जमिनीत वाढतो, नायट्रोजन मिळत नाही म्हणून किडे खातो. त्याच्या पानावर बारीक केस असतात, एकदा धक्का लागला तर तो काही करत नाही, थांबतो. साधारण वीस सेकंदांच्या आत दुसरा धक्का लागला तरच मिटतो, नाहीतर पावसाच्या थेंबानं पण मिटत बसला असता आणि प्रत्येक मिटण्याला ऊर्जा लागते. मिटल्यावरही लगेच पाचक रस सोडत नाही, आत किडा धडपडतोय, केसांना अजून धक्के लागतायत असं कळलं की मगच. ज्याला मेंदू नाही तो मोजतोय.

मी आणि माझी मैत्रीण आरपीजी मेकर या सॉफ्टवेअरमध्ये छोटा गेम बनवतोय. जंगलाच्या लेव्हलला झाडासारखा शत्रू हवाय. मालबोरोची कॉपी नको. काय करू?

वर फ्लायट्रॅपबद्दल लिहिलंय तिथूनच सुरू करा. पहिल्या स्पर्शाला काही होत नाही, दुसऱ्याला जबडा मिटतो. लढाईत असं करा की एका फेरीत झाडाला एकदा मारलं तर ते गप्प, दोनदा मारलं तर ज्यानं दुसरा वार केला तो आत अडकला. आता खेळाडूला विचार करावा लागतो की या फेरीत मारणार कोण, बाकीचे दोघं काय करणार, आणि आत अडकलेल्यानं धडपड केली तर जास्त पचतो, गप्प पडून राहिला तर सुटतो. बघा, एकही नवीन स्टेटस लागलं नाही.

स्टेटस टाकायचंच असेल तर खेळाडूची टर्न खाणारं शक्यतो टाकू नका. झोप, पॅरालिसिस, स्टन हे सगळं एकच आहे, खेळाडू बसून बघतो. त्याऐवजी निर्णय वाकडा करणारं टाका, हील केलं तर शेजारच्याचा जीव कमी होतो किंवा मॅजिक वापरलं की मुळं अजून घट्ट होतात, असलं काहीतरी. खेळाडूच्या हातात बटण राहिलं पाहिजे, फक्त कुठलं दाबायचं याचा घाम फुटला पाहिजे.

जागा पण महत्त्वाची. झाड जागचं हलत नाही हा त्याचा दोष समजू नका, त्याचाच फायदा घ्या. ते वाटेवर आधी दुरून दिसू द्या, आजूबाजूला हाडं, गंजलेली शस्त्रं टाका, एखादा छोटा प्राणी त्यात अडकताना दाखवा, म्हणजे पहिल्यांदा येणाऱ्याला नियम मेल्याशिवाय कळतो. त्याच्या मागे एखादी पेटी ठेवा. वळसा घालून जायचा रस्ता मात्र असूच द्या, नाहीतर ती भिंत झाली.

आणि मारल्यावर नुसतं सोनं देऊ नका, त्याचंच काहीतरी द्या, बी, मूळ, काटा, जे पुढे खेळाडू स्वतः वापरू शकेल. तुमच्या झाडाचं बी दिलं तर तो ते पुढच्या बॉसच्या पायाशी पेरेल, आणि तेव्हा नियम तोच ठेवा, दुसऱ्या धक्क्यालाच मिटणारा. बॉसनं एका फेरीत दोनदा पाय टाकला पाहिजे, म्हणजे तुमच्या खेळाडूला त्याला तसं करायला लावावं लागेल. टेस्ट करताना मात्र ज्यानं तो नियम लिहिलाय त्याला खेळायला बसवू नका, दुसऱ्या कोणालातरी बसवा आणि तोंड बंद ठेवून शेजारी उभे राहा.